मोज्याचं पहिलं वर्ष आणि कोटातले पाहुणे

घरात सगळे तिला बारकी म्हणत. दाराच्या चौकटीला कपाळ आपटणारी घरात ती एकटीच होती, पण नाव पडलं तेव्हा ती खरंच बारकी होती आणि पुढे ते बदलायला कुणाला सवड झाली नाही. त्यामुळे तबेल्यात तिच्या डोळ्यांदेखत शिंगरू जन्मलं तेव्हा तिनेही फार पुढचा विचार न करता, समोर जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं. तीन पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, चौथा तपकिरी. एक मोजा धुवायला टाकल्यासारखा. म्हणून मोज्या.

मोज्या वयात आला आणि आत्याने विषय काढला. घोडेस्वारी शिकवायची शाळा आत्याची, तबेला आत्याचा, आणि शेवटचा शब्दही आत्याचा. शेवटचा शब्द म्हणजे बहुतेक वेळा पहिलाच असायचा, कारण त्यानंतर कुणी बोलत नसे.

"यंदा याच्या पाठीवर खोगीर," आत्या म्हणाली. "वर्षभर तुझ्या ताब्यात. वर्ष संपताना, जन्मात घोड्यावर न बसलेल्या माणसाला घेऊन हा फाटकापासून पोस्टापर्यंत गेला आणि परत आला, तर राहील. नाहीतर व्यापाऱ्याचा ट्रक येईल."

"मी बसले तर नाही चालणार?"

"तुला सांभाळणारा घोडा मला काय करायचाय? आपल्याकडे येणाऱ्या माणसाला रिकीब कुठली आणि लगाम कुठला हे माहीत नसतं. त्याला सांभाळेल तो शाळेचा घोडा. बाकीचे नुसते खाणारे."

व्यापारी माणूस वाईट नव्हता. मऊ बोलायचा, चहाला नाही म्हणायचा नाही. फक्त त्याच्या ट्रकातून गेलेल्या घोड्यांची ख्यालीखुशाली पुन्हा कधी कळत नसे, आणि विचारली की तो हवामानावर बोलायचा. बारकीने मोज्याला बाटलीने दूध पाजलं होतं. तिला त्याच्या बाबतीत हवामानावर समाधान मानायचं नव्हतं.

आता या गोष्टीत दाजी आले नसते तर ती साधी गोष्ट झाली असती. दाजी म्हणजे ताईचे यजमान. एका मोठ्या कंपनीत ते लोकांना वर्षाची ध्येयं ठरवून द्यायचं काम करत. ती गाठायचं काम दुसरे लोक करत. घोड्यांशी त्यांचा संबंध एकदाच आला होता, आणि त्यात त्यांचा हातरुमाल गेला होता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला घोडा काय जड?

"ध्येय मोजता आलं पाहिजे," दाजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणाले. "घोडा चांगला व्हावा, हे ध्येय नाही. ती झाली इच्छा. वर्षाचे चार भाग करा. पहिल्यात खोगीर सहन करणं. दुसऱ्यात ओझं घेऊन चालणं. तिसऱ्यात दुडकी. चौथ्यात रस्ता, पोस्ट, परत."

हे ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून बारकीने दाणागोट्याच्या खोलीच्या दारावरचा काळा फळा आतच आणला आणि दाजींनी तो सुवाच्य अक्षरात भरला. मग फळा समोर आहे आणि खडूही आहे म्हटल्यावर बाकीच्यांनाही सुचायला लागलं. आईने लिहिलं, 'दोरीवरचे कपडे खाऊ नयेत.' घोड्यांचे डॉक्टर दात तपासायला आले होते आणि चहासाठी थांबले होते, त्यांनी लिहिलं, 'डॉक्टरांना चावू नये.' शेवटी ताई उठली आणि तिने लिहिलं, 'यांना लग्नातला कोट पुन्हा बसावा.'

"हे घोड्याचं नाही," दाजी म्हणाले.

"मोजता येतं ना?" ताईने विचारलं.

दाजींनी चहात साखर घालायला उचललेला चमचा परत ठेवला. तो कोट त्यांनी लग्नाच्या दिवशी घातला होता आणि त्यानंतर तो फक्त कपाटाला बसत होता.

आत्याने फळ्यावर काही लिहिलं नाही. तिचं सांगून झालं होतं.

कोवळ्या पाठीवर एकदम माणूस बसवायचा नाही, आधी निर्जीव ओझं बसवायचं, ही आत्याची जुनी रीत. त्यासाठी ती खोगिरावर कोंड्याचं पोतं बांधायची. यंदा पोतं बांधताना आईने पाहिलं. आई शिवणकाम करायची. घोड्यांच्या झुली, खोगीर आवळायचे तंगाचे पट्टे, शिकणाऱ्यांची जाकिटं, सगळं तिच्या मशीनवरून जायचं, आणि गबाळं काम तिला दुसऱ्याच्या घरातसुद्धा बघवत नसे.

"हे असं नेणार रस्त्याने?" आई म्हणाली. "सुतळी बांधून? कुणाला ओझं म्हणून बसवायचं तर माणसासारखं बसवावं."

आणि तिने माणूस शिवला. अंगात लाकडाचा भुसा, गुडघ्याला दुमड, खांद्याला उतार. डोक्यासाठी फुटबॉल, त्यावर कापड, कापडावर भरतकामाच्या भुवया आणि ओठांवर बारीकसं हसू. समोरच्याचं म्हणणं पटलंय, पण आत्ता काही बोलायचं नाही, असं ठरवलेल्या माणसाचा तो चेहरा होता. पायात जुने बूट, डोक्यावर टोपी, आणि अंगात दाजींचा लग्नातला कोट, कारण तोच एक कोट घरात रिकामा होता.

आत्या बादली घेऊन चालली होती, ती थांबली. "हे कोण?"

"पाहुणे," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ते पाहुणे झाले, आणि पाहुणे म्हटल्यावर आदरार्थी बोलणं आलंच. पाहुणे उठले, पाहुण्यांना घ्या, पाहुण्यांची टोपी पडली. काम संपलं की कोटाच्या गळ्यामागच्या नाड्याने त्यांना खोगिरं ठेवायच्या खोलीबाहेरच्या हुकाला अडकवत. तिथे ते सगळ्या अंगणाकडे समजूतदारपणे बघत लटकायचे.

मोज्याचं आणि पाहुण्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. मोज्याने मान वळवून त्यांचा डावा बूट हुंगला, मग उजवा हुंगला आणि चालायला लागला. लांब दोरीवर गोल फिरवलं, फिरला. थांब म्हटलं, थांबला. दुडकीवर घेतलं तर पाहुण्यांचं डोकं प्रत्येक पावलाला हो हो म्हणायचं आणि मोज्याला त्याचं प्रोत्साहन वाटायचं. बारकी दोरी धरून पुढे चालायची आणि हे दोघे मागून. बसथांब्यावरून गेले, केशकर्तनालयावरून गेले, बसचा ब्रेक किंचाळला तरी मोज्या जागचा हलला नाही. पाहुणे हलले नाहीत, मग तो कशाला हलेल?

दर रविवारी दाजी येऊन फळ्यावर बरोबरच्या खुणा करत. डॉक्टरांनीही आपल्या ध्येयापुढे खूण केली. फक्त आईचं ध्येय मागे पडत होतं. मोज्याने आतापर्यंत दोन उशांचे अभ्रे आणि आत्याच्या परकराचा निम्मा घेर खाल्ला होता.

बारकीचं एकच काम राहिलं होतं, स्वतः बसायचं. इतकं सुरळीत चाललेलं असताना मध्ये तंगडी कशाला घालायची, असं म्हणून तिने ते पुढे ढकललं. शेवटी एका सकाळी तिने पाहुण्यांना हुकावरच राहू दिलं आणि आपण बसली.

मोज्याने मान वळवली. तिचा डावा बूट हुंगला. मग उजवा हुंगला. मग चुकीच्या घरी जेवायला बसलेल्या माणसासारखा एक उसासा टाकला, तिला पाठीवर घेऊन शांतपणे अंगण ओलांडलं आणि हुकाखाली जाऊन उभा राहिला.

बारकीने टाचा लावल्या, लगाम हलवला, जिभेने टकटक केलं. गोड बोलून पाहिलं, दम दिला, आईची शपथ घातली. मोज्याचं उधळणं नाही की उड्या मारणं नाही. तो नुसता उभा होता, वरच्या पाहुण्यांकडे बघत.

आत्या बादली घेऊन आली. "काय झालं?"

"थांबलाय."

"कशासाठी?"

"पाहुण्यांसाठी," बारकी म्हणाली.

रविवारी दाजींना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही अडचण दिसेना. "ध्येयं पूर्ण होतायत. ओझं घेऊन चालतो, दुडकी करतो, रस्त्याला बिचकत नाही. पाठीवर कोण, हा तपशील झाला."

"पाठीवर भुसा आहे, दाजी."

"फळ्यावर कुठे लिहिलंय की नसावा?"

आत्याने त्यांच्या हातातला खडू घेतला आणि फळ्याच्या तळाशी उरलेल्या जागेत लिहिलं, 'स्वार जिवंत असावा.' तिने फळ्यावर लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मग बारकीकडे वळून म्हणाली, "सोडत नाही ना तो पाहुण्यांना? तूच बस त्यांच्या मागे."

पाहुण्यांचं वजन ते काय, आणि मोज्याची पाठ आता चांगली भरली होती. बारकी मागे बसली. पाहुण्यांच्या दोन्ही बगलांखालून हात घालून तिने लगाम धरला. मोज्याने मान वळवली, पाहुण्यांचा बूट हुंगला आणि चालू लागला. मागे आणखी कुणी आहे हे त्याला कळलं असणार, पण पाहुण्यांनी सोबत आणलेल्या माणसाला विचारपूस न करता घरात घेतात, तसं त्याने घेतलं.

आता मागे बसून बारकीला दिसायची फक्त कोटाची शिवण. लगाम ओढावा तर पाहुण्यांचे हात आडवे, टाच मारावी तर पाहुण्यांचे बूट आडवे. तेव्हा ती निरुपायाने गप्प बसायला शिकली. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. जी सारखी काहीतरी करत होती ती आता काहीच करत नव्हती, आणि घोडा चालत होता.

रस्त्याला मात्र वेगळंच दिसत होतं. बारकी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना मिठी मारून घोड्यावरून फिरते, असं दिसत होतं. यात रस्त्याला दोष देता येणार नाही. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या बऱ्याच माणसांपेक्षा पाहुण्यांचा चेहरा बोलका होता. केशकर्तनालयाचे मालक, ज्यांना चष्मा लागला होता पण त्यांनी तो लावून घेतला नव्हता, ते कात्री उंचावून पाहुण्यांना सलाम करू लागले. दुडकी असली की पाहुणे मान डोलवायचे. माणूस अदबशीर आहे, असं मत झालं.

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी आईला गाठलं. "कोण हो ते?"

"पाहुणे आहेत," आई म्हणाली.

"काय करतात?"

"सध्या आमच्याकडेच असतात."

"आणि स्वभाव?"

"एक शब्द बोलत नाहीत. जिथे ठेवू तिथे राहतात."

बाईंनी आत, औषधांच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या आपल्या यजमानांकडे एकदा पाहिलं. "नशीब काढलं हो पोरीने," त्या म्हणाल्या.

आईने खरं काय ते सांगायला हवं होतं. पण पोरीने नशीब काढलं, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय एका परीने ही तिच्या शिवणकामाचीच तारीफ होती.

बारकीला या गोष्टींकडे बघायला वेळ नव्हता. वर्षाचा तिसरा भाग सरत आला होता आणि मोज्या पाहुण्यांशिवाय हलत नव्हता. मग तिला जे सुचलं ते सुचायला घरात शिवणकाम आणि तबेला दोन्ही असावे लागतात. तिने पाहुण्यांच्या पाठीची शिवण थोडी उसवली आणि एक ओंजळ भुसा काढला. शिवण पुन्हा घातली. मोज्याला काही कळलं नाही. चार दिवसांनी आणखी एक ओंजळ काढली. पाहुणे रोज जरा बारीक व्हायचे आणि बारकी रोज जरा पुढे सरकायची.

आईला ते बघवेना. "चांगला भरलेला माणूस होता," ती म्हणायची आणि तोंड फिरवायची.

रस्त्यालाही बघवेना. आधी खांदे उतरले. मग छाती बसली. मग मान अशी कलली की टोपी बारकीच्या हनुवटीला लागायला लागली. केशकर्तनालयाचे मालक सलाम करताना आता कात्री उंचावत नसत, छातीशी धरत. औषधांच्या बाईंनी शक्तीच्या औषधाची मोठी बाटली पाठवली. ती आत्याने घेतली आणि तिला गुण आला.

"नक्की काय होतंय त्यांना?" मालकांनी एकदा दाढी करून घेणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरांना विचारलं. "तुमचं तिकडे जाणं-येणं असतं."

"आतून पोकळ होत चाललेत," डॉक्टर गालावरचा फेस सांभाळत म्हणाले. डॉक्टर कधी खोटं बोलत नसत.

एक दिवस बारकी पूर्ण पुढे आली. पाहुण्यांचा आता फक्त कोट राहिला होता आणि तो तिच्या अंगात होता. मोज्याने मान वळवली, बाही हुंगली आणि चालायला लागला. पुढच्या आठवड्यात तिने कोटही काढून हुकावर ठेवला. मोज्याने तिचा डावा बूट हुंगला, उजवा हुंगला, थोडा विचार केला. बारकी काहीच न करता बसून राहिली. आणि मोज्या चालू लागला. फाटक, बसथांबा, पोस्ट, परत. बारकीला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण ते काहीतरी करणं झालं असतं, म्हणून ती घरी येईपर्यंत थांबली.

तिला एकटीला घोड्यावर पाहून केशकर्तनालयाच्या मालकांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. औषधांच्या बाई घरी आल्या आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला. आता खरं सांगायची वेळ फार मागे गेली होती.

"शेवटी फक्त कोटच उरला होता हो," आई म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले. भुवया भरायलाच तिचा अख्खा दिवस गेला होता.

पण आत्याची अट बारकीसाठी नव्हती. ती होती जन्मात घोड्यावर न बसलेल्या माणसासाठी. आणि तिथे गाडं अडलं. असा माणूस घोड्यावर बसला की सगळंच करतो. ओढतो, आवळतो, टाचा मारतो, आणि तोंडाने हळू म्हणतो. बारकीने शाळेत येणाऱ्या तिघाचौघांना मोज्यावर बसवून पाहिलं.

"काहीही करू नका," ती प्रत्येकाला सांगायची.

"म्हणजे काय करू?" प्रत्येकजण विचारायचा.

मोज्या त्यांचे बूट हुंगायचा आणि त्यांना घेऊन हुकाखाली जाऊन उभा राहायचा. हुकावर नुसता कोट असायचा. तरी तो तिथेच उभा राहायचा. काही न करणं शिकायला बारकीला भुसा भरलेल्या माणसामागे महिनोन् महिने बसावं लागलं होतं. लोकांना ते पहिल्याच तासात कसं जमणार?

मग ताई आली आणि तो कोटही हुकावरून काढून, धुवायचा म्हणून घेऊन गेली. हूक रिकामा झाला. मोज्या आता रिकाम्या हुकाखाली उभा राहू लागला.

परीक्षेच्या दिवशी आत्याने बँकेतल्या रोखपालांना बोलावलं होतं. स्वच्छ माणूस, घोडा त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. फाटकाशी ट्रक उभा होता. व्यापारी आईच्या हातचा चहा पीत होता आणि यंदा उकाडा लवकर सुरू झाला, असं सांगत होता. डॉक्टरही आले होते. त्यांचं म्हणणं, ते सहज आले होते.

रोखपाल बसले. "हे कुठे दाबायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही," बारकी म्हणाली. "नुसते बसा. हात सैल. पाय सैल. काही करू नका."

"बरं," रोखपाल म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आयाळ धरली, दोन्ही टाचा आवळल्या आणि डोळे मिटले.

मोज्याने उसासा टाकला आणि हुकाखाली जाऊन उभा राहिला.

बरीच वाट पाहिली. आत्यानेही पाहिली, नाही असं नाही. शेवटी रोखपाल उतरले, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले आणि पँट झटकत गेले. बारकीने खोगीर काढलं नाही. ते काढलं की संपलं, असं तिला वाटत होतं. तिने फक्त मोज्याची दोरी हातात घेतली आणि त्याच्या त्या तपकिरी पायाकडे, धुवायला टाकलेल्या मोज्याकडे बघत उभी राहिली. व्यापाऱ्याने कप ठेवला आणि ट्रकची फळी खाली सोडली. फळीचा आवाज झाला.

त्याच वेळी फाटकातून दाजी आले. संध्याकाळी त्यांच्या कंपनीचा वार्षिक समारंभ होता. वर्षभर त्यांनी चहात साखर घेतली नव्हती. अंगात लग्नातला कोट होता आणि बटणं लागली होती, तिन्ही. फळ्यावर कोटाच्या ध्येयापुढे स्वतःच्या हाताने खूण करायची, म्हणून ते समारंभाआधी मुद्दाम वाट वाकडी करून आले होते.

मोज्याने मान वर केली. दोरी बारकीच्या हातातून सुटली. त्याने अंगण ओलांडलं, दाजींच्या अगदी जवळ गेला आणि त्यांना आडवा उभा राहिला, बसायला सोयीचं पडेल असा.

दाजी घाबरले. घाबरले की ते ओरडत नसत, पळत नसत. हात अंगाशी, गुडघे किंचित दुमडलेले, मान किंचित कललेली आणि ओठांवर बारीकसं हसू, असे ते जागच्या जागी थिजायचे. अंगणातल्या सगळ्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. पाहुण्यांचा चेहरा भरताना तिच्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते कुणी विचारलं नाही. आई दोरीवरच्या कपड्यांकडे बघू लागली.

"दाजी," आत्या म्हणाली, "जन्मात कधी घोड्यावर बसलात?"

"नाही. आणि माझा तसा काही—"

"बसा."

"माझा समारंभ आहे."

"पोस्टापर्यंत जायचंय आणि परत यायचंय," ताई म्हणाली. "मोजता येतं."

डॉक्टरांनी एक पाय धरला. दुसरा व्यापाऱ्याने धरला, कारण तो स्वभावाने मदत करणारा होता. दाजी वर गेले. मोज्याने डावा बूट हुंगला, उजवा हुंगला.

"दाजी, काहीही करू नका," बारकी म्हणाली.

"मला काही येतच नाही," दाजी ओठ न हलवता म्हणाले.

"तेच करा."

मोज्या चालू लागला. बारकी बरीच मागे राहून चालत होती, दोरी नाही की काही नाही, आत्याची अट तशीच होती. मोज्याच्या पाठीवर बघितलं तर पाहुणेच. दुडकी नव्हती, तरी दाजींचं डोकं प्रत्येक पावलाला हो हो म्हणत होतं.

केशकर्तनालयाचे मालक एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. त्यांनी सहज रस्त्याकडे पाहिलं. एक गाल झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि वस्तरा हवेत तसाच राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं?" मालक तसेच वस्तरा घेऊन निघाले. ते उंबऱ्यापर्यंत आले. इतके महिने ज्यांना सलाम केला, ज्यांच्यासाठी अर्धं दार ओढलं, ते गृहस्थ पुन्हा भरल्या अंगाने, त्याच कोटात, समोरून चालले होते.

"नमस्कार," दाजी म्हणाले. कुणी आपल्याकडे इतकं टक लावून बघत असेल तर काहीतरी बोलावं, ही कंपनीतली सवय.

पाहुण्यांचा पहिलाच शब्द तो. मालकांनी पाठीमागची भिंत हाताने चाचपली.

औषधांच्या बाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. बसून राहिल्या. घोडा जवळ आल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "आता बरं वाटतंय?"

"अजून नाही," दाजी म्हणाले.

बाईंनी आत हाक मारून यजमानांना सांगितलं की ती शक्तीची बाटली आजपासून पुढच्या फळीवर ठेवा.

पोस्टाशी बस येऊन थांबली, ब्रेक किंचाळला, पाच-सहा माणसं उतरली. मोज्या थांबला. दाजी हलले नाहीत, म्हणून तोही हलला नाही. बस गेली. मोज्याने टपालपेटीला वळसा घातला आणि घरचा रस्ता धरला. मागून येणाऱ्या बारकीने तेव्हा कुठे श्वास सोडला. केशकर्तनालयावरून परत जाताना ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही दारात उभं होतं आणि मालक त्याला हलक्या आवाजात सगळं पहिल्यापासून सांगत होते.

फाटकातून आत येऊन मोज्या थेट हुकाखाली जाऊन उभा राहिला. आज मात्र तिथे उभं राहायला त्याला कारण होतं.

आत्या जवळ गेली. तिने खाली वाकून पाहिलं, वर मान करून पाहिलं. "दाजी, जिवंत आहात ना?"

"वाटतंय तसं," दाजी म्हणाले.

आत्याने खडू उचलला आणि फळ्याच्या तळाशी असलेल्या आपल्या वाक्यापुढे खूण केली. मग बारकीकडे न बघता म्हणाली, "राहू दे त्याला. नव्या माणसाला पहिले चार दिवस हाच कोट घालायचा आणि गप्प बसायचं. शिकवायची ही रीत बरी दिसते. मला आधी कशी सुचली नाही?"

बारकीने मोज्याच्या कपाळाला कपाळ टेकलं. कपाळ आपटायची तिला सवय होतीच.

व्यापाऱ्याने ट्रकची फळी वर घेतली. "संध्याकाळी वारा सुटेल," असं म्हणून तो रिकामा ट्रक घेऊन निघून गेला.

"उतरा आता," ताई दाजींना म्हणाली. "समारंभ आहे तुमचा."

दाजींच्या ओठांवर तेच बारीकसं हसू होतं. "गुडघे वळत नाहीयेत," ते म्हणाले.

डॉक्टरांनी गुडघे पाहिले आणि आपला अभ्यास चार पायांच्या प्राण्यांचा आहे, असं सांगितलं. आईने चहा आणला. तो दाजींना वरच दिला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी त्यात साखर मागितली. मोज्या सगळ्या अंगणाकडे समजूतदारपणे बघत उभा होता. त्याला कसलीही घाई नव्हती.

बारकीने ओल्या फडक्याने फळा पुसला. नवं वर्ष सुरू झालं होतं आणि फळा रिकामा ठेवणं बरं दिसलं नसतं. ताईने तिच्या हातातून खडू घेतला आणि सगळ्यांत वर, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यांनी उतरावं.'

"मुदत लिही," दाजी वरून म्हणाले.